मदत हवी आहे: गावाकडच्या कॉम्प्युटरवर रोज सकाळी ब्राउझर अडतो, मोबाइलवर मात्र सगळं चालतं

नमस्कार मंडळी. आईबाबा बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात, मी पुण्यात. त्यामुळे जे लिहितोय ते बाबांनी फोनवर सांगितलेलं आहे, त्या हिशोबाने वाचा.

घरी जुना डेस्कटॉप आहे, विंडोज १०, राउटरला केबलने जोडलेला. बाबा मास्तरकीतून रिटायर झालेत. गल्लीतल्या लोकांचे पहाणी उतारे (इकडचा सातबारा) काढून देणं, पोरांचे फॉर्म भरणं हे त्यांचं आता दिवसभराचं काम. प्रिंटर आणि स्कॅनर त्याच मशीनला, म्हणून "मोबाइलवर करा की" हा सल्ला कामाचा नाही.

सकाळी क्रोम उघडला की लाल त्रिकोण येतो, "कनेक्शन खाजगी नाही" अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य येतं. जवळजवळ प्रत्येक साइटवर. काही ठिकाणी खाली "तरीही पुढे जा" मिळतं, बँकेच्या साइटवर तेही नाही. त्याच वेळी त्याच वायफायवर बाबांचा मोबाइल मस्त चालतो. क्रोम काढून पुन्हा टाकला, कॅशे साफ केली, राउटर बंद-चालू केला. फायरफॉक्सवरही तेच.

वैताग पुढे आहे. तिथल्या एका दुकानदाराने मशीन नेऊन फॉरमॅट मारून दिलं. दुकानात दोन-तीन दिवस झकास चाललं. घरी आणून लावलं की पुन्हा लाल त्रिकोण. आता तो म्हणतो, मशीन ओके आहे, तुमच्या नेटमध्येच दोष. नेटवाले म्हणतात लाइन ओके आहे. मध्ये बाबा. काय बघू?

गणपतगल्ली
डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदला. ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाका. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस. आमच्यात नेट अडलं की पहिलं हेच करतो.

प्रश्नकर्ता
बाबांना फोनवर सांगून डीएनएस बदलून घेतलं (घाम फुटला दोघांना). लाल त्रिकोण तसाच. वर आता नेटवाल्यांचं बिल भरायचं पानही उघडेना. तिथे त्रिकोण नाही, वेगळंच काहीतरी येतं, शेवटी एनएक्सडोमेन असं.

मलप्रभाकाठ
थांबा, आता काही बदलू नका. आधी एरर वाचूया. "नेट बंद आहे" ही एकच तक्रार आपण सगळ्याला लावतो, पण ब्राउझर प्रत्येक वेळी वेगळं सांगत असतो.

एनएक्सडोमेन म्हणजे नावाचा पत्ताच सापडला नाही. तो डीएनएसचा विषय. टाइम्ड आउट म्हणजे पत्ता मिळाला, पण पलीकडून उत्तर नाही. लाल त्रिकोण या दोन्हींच्या पुढचा आहे. साइटपर्यंत पोचलात, तिने आपलं प्रमाणपत्र ("मी खरीच ती साइट" असा दाखला) दाखवलं आणि ते तुमच्या मशीनला पटलं नाही. म्हणजे लाइन चालू आहे, नेटवाले खोटं बोलत नाहीत. डीएनएस बदलून त्रिकोण जाणार नव्हताच. बिलाचं पान मात्र त्यामुळेच गेलं असावं, कारण काही कंपन्यांची आतली पानं त्यांच्याच डीएनएसला माहीत असतात. ते परत ऑटोमॅटिकवर टाका.

आता तीन गोष्टी सांगा. एक, त्रिकोणाखाली बारीक अक्षरात जो कोड असतो त्याचा फोटो बाबांकडून मागवा. दोन, रात्री मशीन नुसतं शटडाउन करतात की भिंतीवरचं बटणही बंद करतात? तीन, सकाळी विंडोज यायच्या आधी काळ्या पडद्यावर काही दिसतं का?

आणि "तरीही पुढे जा" दाबून कुठेही पासवर्ड टाकायचा नाही, हे बाबांना आजच सांगा.

प्रश्नकर्ता
फोटो आला. नेट ईआरआर सर्ट डेट इनव्हॅलिड.

बटण बंद करतात, हो. कॉम्प्युटर, राउटर, सगळ्याचं. वळवात शेजारी वीज पडून त्यांचा टीव्ही गेला, तेव्हापासून आई झोपण्याआधी स्वतः बोर्डाची बटणं बघते.

काळ्या पडद्याचं विचारल्यावर बाबा म्हणाले, "ते होय, ते रोजच येतंय. एफ१ दाबायचं, पुढं जातंय." मला कधी बोलले नाहीत, कारण पुढं जातंय.

मलप्रभाकाठ
मग झालं. मदरबोर्डवरचा (मशीनच्या आतल्या मुख्य सर्किट बोर्डावरचा) सेल संपलाय.

मशीन पूर्ण बंद असताना आतलं घड्याळ एका चपट्या सेलवर चालतं. पण भिंतीवरचं बटण चालू असेल तर मशीन शटडाउन असूनही मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते आणि सेल मेलेला असला तरी घड्याळ टिकतं. दुकानात प्लग काढलाच नसणार, म्हणून तिथे चाललं. तुमच्याकडे रात्री बटण बंद झालं की घड्याळ कारखान्यातल्या मूळ तारखेवर जातं, आणि एफ१ची पाटी तेच सांगत असते.

आता त्रिकोण का? फोटोतला कोड सांगतो तसं, तारीख पटत नाही म्हणून. साइटच्या प्रमाणपत्रावर दोन तारखा असतात, कधीपासून आणि कधीपर्यंत. १ सप्टेंबर २०२० पासून प्रमाणपत्रांची मुदत ३९८ दिवसांच्या आत आणली गेली. म्हणजे मशीन दोन वर्षं जरी मागे गेलं तरी त्याच्या लेखी आजची सगळी प्रमाणपत्रं अजून सुरूच झालेली नाहीत. मोबाइल वेळ नेटवर्ककडून घेतो, म्हणून त्याला झळ नाही.

बाबांना फक्त उजव्या कोपऱ्यातल्या घड्याळावर माउस न्यायला सांगा आणि साल वाचायला सांगा.

प्रश्नकर्ता
२०१५! १ जानेवारी.

पण विंडोज इंटरनेटवरून वेळ आपोआप लावून घेतं ना? ते सेटिंग चालू आहे.

मलप्रभाकाठ
घेतं, पण थोडाफार फरक असेल तर. घरगुती मशीनवर फरक १५ तासांच्या वर गेला की ती सेवा हात लावत नाही, चुकीच्या सर्व्हरने भलतीच तारीख लावू नये म्हणून. तुमचा फरक वर्षांचा आहे. आज तारीख हाताने लावा, लगेच सगळं उघडेल. उद्या सकाळपर्यंत.

सेल सीआर २०३२. आकार नावातच आहे, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ जाड, ३ व्होल्ट. घड्याळवाल्याकडे मिळतो, शंभराच्या आत. मशीनचा प्लग काढायचा, चालू करायचं बटण दोन-चार सेकंद दाबून धरायचं म्हणजे उरलीसुरली वीज जाते. झाकण उघडलं की सेल दिसतोच. बाजूची पत्र्याची क्लिप नखाने ढकलली की तो उडी मारून वर येतो. नवा बसवताना अधिकचं चिन्ह वर. मग पहिल्यांदा चालू करताना एफ१ नाही, त्या पाटीवर सेटअपसाठी जी की लिहिली असेल ती दाबायची, तारीख-वेळ लावून सेव्ह करायचं.

उचगावकर
मधेच बोलतो. सेल घालण्यापेक्षा रात्री बटण चालूच ठेवलं तर? काकू ऐकतील की.

मलप्रभाकाठ
नको गा. इकडं पाऊस नुस्ता ओतूलालाय, वर कडकडाट. काकूंचं बरोबर आहे. उलट राउटरकडून मशीनला जाणारी लॅनची वायरपण काढून ठेवा, वीज तिथूनही शिरते.

प्रश्नकर्ता
अपडेट. रविवारी बेळगावहून चुलतभाऊ गेला होता, येताना खडेबाजारातून सेल घेऊन गेला. बसवला, तारीख लावली. रात्री आईने नेहमीप्रमाणे बटणं बंद केली. सकाळी एफ१ची पाटी नाही, त्रिकोण नाही, बँकेची साइटही उघडली. डीएनएस ऑटोमॅटिकवर टाकल्यावर बिलाचं पानही आलं. जुना सेल भावाने मल्टिमीटरवर बघितला, १ व्होल्टसुद्धा दाखवत नव्हता.

मलप्रभाकाठ, फार आभार. दुकानदाराला बाबा स्वतः जाऊन सांगणार आहेत, मास्तर आहेत, सोडणार नाहीत.

एकच राहिलं. बाबा सकाळी स्कॅन करून ठेवायचे त्यातले लोकांचे बरेच कागद सापडत नाहीत. डिलीट केलेले नाहीत म्हणतात.

मलप्रभाकाठ
फोल्डरमध्ये तारखेप्रमाणे लावून एकदम तळाला जा. २०१५मध्ये असतील.

प्रश्नकर्ता
सापडले. सगळे १ जानेवारीचे.