२०२४चे माझे आवडते अल्बम, आणि ते सलगच का ऐकावेत

मोंढ्यातला श्रोता (लातूर)

वर्ष सरत आलं. यंदा नवे अल्बम बरेच ऐकले, त्यातले चार मनात राहिले. चारही पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मध्ये न थांबता ऐकले. माझं म्हणणंही तेवढंच आहे. एखादं गाणं रीलमध्ये कानावर पडलं आणि त्यावरून अल्बम भारी किंवा टुकार ठरवला, हे मला पटत नाही. अल्बमबद्दल बोलायचं तर तो बसून ऐकलेला असावा.

पहिला नंबर आरूज आफताबच्या ‘नाइट रेन’ला. मे संपता संपता आला, नऊ गाणी. लाहोरला वाढलेली, आता न्यूयॉर्कला असणारी ही गायिका उर्दूत गाते, हळू आवाजात, दिवे मालवून ऐकावं असं. यातल्या ‘ना गुल’ आणि ‘साक़ी’ या गाण्यांचे शब्द माहलक़ा बाई चंदा यांचे आहेत. अठराव्या शतकातली, निजामाच्या हैदराबादची ही शायरा जन्मली आपल्या औरंगाबादेत. हे वाचलं आणि अल्बम पुन्हा पहिल्यापासून लावला. ‘साक़ी’त विजय अय्यरचा पियानो आरूजच्या आवाजाच्या पुढे एकदाही जात नाही.

दुसरा ‘द क्युअर’ या इंग्लंडच्या रॉक बँडचा ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’. १६ वर्षांनी आलेला अल्बम, फक्त आठ गाणी. पहिल्याच गाण्यात तीन मिनिटांच्या वर नुसती वाद्यं वाजतात, मग कुठे त्यांचा गायक रॉबर्ट स्मिथचा आवाज येतो. नोव्हेंबरात आडतीवर सोयाबीनची शेवटची पट्टी लिहून झाली होती, शटर अर्धं ओढलेलं, बाहेर हमाल काट्यावरची पोती उतरवत होते. हेडफोन लावून मी त्या आवाजाची वाट बघत बसलो. सहावं गाणं स्मिथनं आपल्या वारलेल्या भावावर लिहिलंय. माझे थोरले भाऊ दोन वर्षांमागं गेले. ते गाणं एकटं समोर आलं असतं तर मी बंद केलं असतं. आधीच्या पाच गाण्यांनी मनाची तयारी करून घेतली होती म्हणून ऐकू शकलो.

तिसरा रहमानचा, ‘अमरसिंग चमकीला’ सिनेमाचा. सहा गाणी, शब्द इर्शाद कामिल यांचे. चौथा अमेरिकन गायिका बिली आयलिशचा ‘हिट मी हार्ड अँड सॉफ्ट’. तिनं आधी एकही गाणं सुटं सोडलं नाही, दहाही एकदम दिली. कारण उघड आहे, तिलाही तो सलगच ऐकवायचा होता.

तुमचे सांगा.

बालाघाटकर (बीड)

असहमत, आणि मनापासून असहमत. अल्बमची लांबी कलेतून ठरलेली नाही. एलपीच्या, म्हणजे जुन्या मोठ्या तबकडीच्या, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावायची म्हणून ती ठरली. तबकडी गेली, तिचा नियम आपण का पाळायचा?

आमच्याकडे कधी कुणी अल्बम ऐकला? कागदावर बारा गाणी लिहून दुकानात द्यायची आणि चार दिवसांनी कॅसेट भरून आणायची. माझ्याकडच्या एका कॅसेटमध्ये भीमसेनजींच्या अभंगानंतर लगेच पंचमदा होते आणि त्यानंतर कव्वाली. तो क्रम माझा होता, आजही एक गाणं संपलं की पुढचं आपोआप मनात सुरू होतं. त्या कॅसेटला तुम्ही अर्धवट ऐकणं म्हणणार का?

आणि ‘चमकीला’ तुमच्याच मुद्द्याला छेद देतो. सिनेमाच्या गाण्यांचा क्रम सिनेमात ठरतो. ‘बाजा’ पडद्यावर सुरुवातीलाच येतं, तिथंच त्या गाण्याची ताकद कळते. मग सलग ऐकायचं ते कोणत्या क्रमानं?

मोंढ्यातला श्रोता

बालाघाटकर, ‘चमकीला’बद्दल तुमचं बरोबर आहे, तिथं माझं म्हणणं लंगडं पडतं. पण भरलेल्या कॅसेटचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तुम्ही क्रम लावला आणि तो मोडला की तुम्हाला चैन पडत नाही. स्मिथनंही क्रमच लावलाय. तुमचा क्रम पाळायचा आणि ज्यानं गाणी केली त्याचा नाही?

माहूरची लेक (नांदेड)

भाऊ, चार अल्बम, आणि त्यात मराठवाड्याचं काय? दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या एका बाईचं जन्मगाव. मला वाईट वाटलं हे वाचून.

यंदा मी ऐकलेलं सगळ्यात मोठं संगीत कुठल्याच अल्बमात नाही. पुतण्याच्या लग्नानंतर घरी गोंधळ होता. अंगणात चौक भरला, त्यावर ज्वारीची पाच धाटं उभी करून वर बांधली, दिवटी पेटवली. रात्री साडेदहाला संबळावर काठी पडली. संबळाची एक काठी टोकाला वाकडी असते, ती पानावर घासली की गुरगुरल्यासारखा आवाज येतो आणि पोटात खड्डा पडतो. तुणतुणं एकाच सुरावर तासन् तास. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, एकेका देवीला नाव घेऊन बोलावलं. माझी सासू ऐंशीच्या पुढची, आख्यान संपेपर्यंत जागची हलली नाही.

‘वर्षातलं उत्तम’ म्हणून याद्या लावता, तेव्हा जे कंपनीनं विकायला काढलं तेवढंच संगीत, असं आपण नकळत मान्य करतो. माझा विरोध त्याला आहे.

मोंढ्यातला श्रोता

ताई, तुमचं वाईट वाटणं खरं आहे. मी अल्बमबद्दल लिहीत होतो म्हणून गोंधळ आला नाही, पण हे उत्तर मला स्वतःलाही पुरेसं वाटत नाही.

तरी एक विचारतो. गोंधळ मधूनच उचलून ऐकता येतो का? आधी आवाहन, मग आख्यान, शेवटी आरती. देवीला बोलावलंच नाही आणि थेट आख्यान लावलं तर तुमच्या सासूबाई बसल्या असत्या? अमेरिकेतल्या कंपनीनं एलपी काढायच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे सलग ऐकायची शिस्त आहे. बालाघाटकरांना माझं उत्तर हेच.

माहूरची लेक

नाही, तुम्ही फरक पुसून टाकताय. गोंधळाला क्रम आहे, पण तो माणसं बघून हलतो. त्या रात्री नवरी पेंगायला लागली तसं गोंधळ्यानं आख्यानात तिच्याच माहेरचं गाव घातलं, सगळी बायामाणसं हसली, ती जागी झाली. पुढच्या घरी ते नसणार. तुमच्या स्मिथचं ते तीन मिनिटांचं वाजवणं तुम्ही दमलेले असा की ताजेतवाने, तीन मिनिटंच राहणार. बंद झालेल्या वस्तूपुढं शिस्तीनं बसणं वेगळं आणि समोरच्याकडे बघून वाजवणाऱ्यापुढं बसणं वेगळं.

पाणचक्की (छत्रपती संभाजीनगर)

माहलक़ा बाईंबद्दल थोडं. जन्म इथला हे खरं, पण निजामानं राजधानी १७६३ साली औरंगाबादहून हैदराबादला नेली. त्यांचं सगळं नाव झालं ते तिकडे, कबरही मौला अलीला, आईच्या कबरीजवळ. ‘आपल्या’ म्हणताना जपून. इथलाच शायर हवा असेल तर सिराज औरंगाबादी आहे, ‘ख़बर-ए-तहय्युर-ए-इश्क़’ आबिदा परवीनकडून ऐका.

‘नाइट रेन’ पहिल्या नंबरावर ठेवायलाही माझा विरोध आहे. ‘रात की रानी’त आरूजच्या आवाजावर ऑटोट्यून, म्हणजे सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर, लावलंय. एवढा मोकळा आवाज असताना त्यावर यंत्राची कल्हई कशाला? तिचाच २०२१चा ‘व्हल्चर प्रिन्स’ कितीतरी सरस होता.

१५ डिसेंबरला झाकीरभाई गेले, तेव्हापासून मी त्यांच्या ‘शक्ती’ बँडचा ‘धिस मोमेंट’च लावतोय. तो गेल्या वर्षीचा. यंदा फेब्रुवारीत ज्या रात्री त्यांना तीन ग्रॅमी मिळाले, त्यातला एक या अल्बमचा. माझ्यापुरता यंदाचा अल्बम तोच आहे, तारीख काही असो.

मोंढ्यातला श्रोता

पाणचक्की, ‘आपल्या’ शब्द मागे घेत नाही. जन्मगाव जन्मगावच असतं. ऑटोट्यूनबद्दल मात्र पुन्हा ऐकून बोलतो.

बालाघाटकर

काल बीड-लातूर एसटीत तुमचा ‘क्युअर’ सलग ऐकला. मांजरसुंब्याला लावला, केज यायच्या बेताला सहावं गाणं सुरू झालं. तुमच्या भावाबद्दल वाचलं होतं, म्हणून खिडकीबाहेर बघत राहिलो. शेवटच्या गाण्यात तर सहा-एक मिनिटं आवाजच येत नाही. ते मला लांबवलेलं वाटलं आणि अजूनही वाटतं. पण सहावं गाणं मी सुटं काढून माझ्या यादीत टाकलंय, अभंगाच्या आधी. तिथं ते जास्त चांगलं बसतं.

माहूरची लेक

श्रोतेभाऊ, माघात आमच्याकडे पुन्हा गोंधळ आहे. रेकॉर्ड करून पाठवा असं म्हणाल म्हणून आधीच सांगते, पाठवणार नाही. दिवटी पेटायच्या आत या, आणि आरतीपर्यंत उठायचं नाही. जेवण घरीच आहे.