अनुभव धागा: वर्गात सादर करायचं अभिजात स्वगत – उतारा कसा निवडला, कसा बसवला?

नाट्यवर्गात दोन-तीन मिनिटांचं अभिजात स्वगत करायला सांगतात आणि इथेच बहुतेकांची गाडी अडते. ज्यांनी स्वगतं बसवलीत, शिकवलीत किंवा तपासलीत, त्यांनी कृपया लिहावं. 'भूमिकेत शिरा' छापाचे सल्ले नकोत. उतारा, कापाकापी, श्वास, नजर, वेळ आणि नेमकं कुठे फसतं, एवढंच.

नाट्यशिक्षिका

आधी वेळ. विराम धरून दोन मिनिटांत साधारण २०० ते २२० शब्द बसतात. उतारा उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून वाचा. मनातल्या मनात वाचून काढलेला वेळ नेहमी कमी येतो. तीन मिनिटांची मर्यादा असेल तर अडीचचा उतारा घ्या.

मग वळण. सुरुवातीला पात्र जिथे उभं आहे तिथेच शेवटीही असेल, तर तो उतारा कितीही सुंदर असला तरी सोडा. नुसतं दुःख किंवा नुसता संताप तिसाव्या सेकंदाला संपतो आणि पुढे फक्त आवाज वाढत जातो. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'च्या पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशातलं मॅकबेथचं स्वगत बघा. राजा डंकनला का मारू नये याची कारणं तो एकेक करून मोजतो: मी त्याचा नातलग, त्याचा प्रजाजन, आज त्याचा यजमान, शिवाय राजा सज्जन. शेवटी हाती उरते ती फक्त महत्त्वाकांक्षा. प्रत्येक कारणागणिक पाय मागे सरकतो, म्हणजे नटाला दर दोन ओळींनी करायला काहीतरी आहे. युरिपिडीझच्या 'मेडिया'त (इ.स.पू. ४३१) स्वतःच्या मुलांना मारण्याआधीचं मेडियाचं भाषण याहून अवघड. तिथे निर्णय एकदा नाही, पुन्हापुन्हा फिरतो. प्रत्येक फिरण्याचं कारण संहितेत बोट ठेवून दाखवता येत नसेल तर ते घेऊ नका.

परीक्षक म्हणून बसणारा

हॅम्लेटचं 'जगावं की मरावं' घेऊ नका असं सरसकट सांगणार नाही, पण त्याचा तोटा माहीत असू द्या. पहिलं वाक्य ऐकताच समोरच्याच्या कानात दुसऱ्या कुणाचा तरी आवाज सुरू होतो आणि पुढचं अर्धं मिनिट तुलनेत जातं.

भाषांतरं वाचणारी

भाषांतर निवडणं हे अर्धं काम. शेक्सपिअरचीच मराठी रूपं घ्या: आगरकरांचं 'विकारविलसित' ('हॅम्लेट', १८८३) किंवा देवलांचं 'झुंझारराव' ('ऑथेल्लो', १८९०) यांची भाषा आज तोंडात बसवायला निराळी मेहनत लागते. शिरवाडकरांचा 'राजमुकुट' ('मॅकबेथ', १९५४) आणि करंदीकरांचा 'राजा लिअर' ('किंग लिअर', १९७४) बोलायला जवळचे. अर्थ कळण्यासाठी दोन-तीन भाषांतरं शेजारी ठेवून वाचा, बोला मात्र एकातूनच. चार ओळी इथल्या, चार तिथल्या असं केलं की एकच माणूस मध्येच दुसऱ्या काळातलं बोलायला लागतो.

आणि मराठीचा खास खड्डा: क्रियापद शेवटी, 'नाही' त्याहून शेवटी. लांब वाक्यात श्वास आधीच संपला की तेच शब्द गिळले जातात आणि 'मी हे करणार नाही'चं 'मी हे करणार' होऊन बसतं. म्हणून संहितेवर श्वासाच्या खुणा करा: एक तिरकी रेघ चोरट्या श्वासाला, दोन रेघा पूर्ण श्वासाला. क्रियापदाच्या लगेच आधी रेघ कधीच नको. दुहेरी रेघ शक्यतो पूर्णविरामावर. खुणा पेन्सिलने करा, तालमीत निम्म्या तरी बदलतात.

संस्कृत नाटकवाला

सगळे शेक्सपिअर आणि ग्रीकांकडेच धावतात म्हणून सुचवतो: शूद्रकाचं 'मृच्छकटिक', तिसरा अंक, शर्विलक या ब्राह्मण चोराची घरफोडी. भिंतीला कोणत्या आकाराचं भोक पाडावं याचा तो शास्त्रशुद्ध विचार करतो, विटा भाजलेल्या बघून पूर्णकुंभाचा आकार ठरवतो, मोजायची दोरी विसरलेला असल्याने जानव्याने माप घेतो. कृती आहे, विनोद आहे आणि स्वतःच्या जातीवर, धंद्यावर मारलेले टोमणेही आहेत. झोपलेला विदूषक बरळायला लागतो त्याच्या आधी उतारा थांबवा, पुढे दुसरा नट लागतो. भिंत मात्र एका जागी राहिली पाहिजे. मूकाभिनयात ती दर वेळी वीतभर सरकते. बोटांची टोकं टेकतात ती रेषा जमिनीवर खडूने आखून तालीम करा.

भाण हा तर संस्कृत नाटकाचा एकपात्रीच प्रकार. 'काय म्हणतोस?' म्हणत न दिसणाऱ्याशी बोलायचं, म्हणजेच आकाशभाषित. तिथे विराम न ऐकू येणाऱ्या प्रश्नाएवढा ठेवा. तो प्रश्न आधी लिहून काढा आणि मनात पूर्ण म्हणा. सगळे विराम सारखे आले की ढोंग उघडं पडतं.

दिग्दर्शन करणारी

बोलणं कुणाशी आहे ते पहिल्या तालमीआधी ठरवा. स्वतःशी, प्रेक्षकांशी की समोर उभ्या असलेल्या पात्राशी? सोफोक्लीझची अँटिगनी राजा क्रेऑनला तोंडावर उत्तर देते, ते तांत्रिक अर्थाने स्वगत नाहीच, पण वर्गात चालतं. क्रेऑनला बाजूला ठेवलंत तर तुमचा अर्धाच चेहरा दिसेल. त्याला शेवटच्या रांगेच्या डोक्यांच्या किंचित वर, मध्यापासून थोडा डावीकडे किंवा उजवीकडे उभा करा. शिक्षकांच्या डोळ्यांत डोळे घालू नका, बिचाऱ्यांना गुण लिहायचे असतात.

मॅकबेथला खुनाआधी हवेत दिसणारा खंजीर हीच नजरेची परीक्षा. छातीच्या उंचीवर, हाताच्या टप्प्याच्या जरा पलीकडे एक बिंदू पकडा. आधी नजर, मग श्वास, मग हात. तिन्ही एकदम आलं की खंजीर दिसत नाही, नट दिसतो.

पाठांतर करून घेणारा

उतारा ओळी न तोडता सलग गद्यासारखा लिहून काढा. कवितेसारखा पाठ केला की प्रत्येक ओळीला एकच चाल लागते आणि ती नंतर सुटत नाही. मग चार ते सहा टप्पे पाडा आणि प्रत्येकाला एक क्रियापद द्या: टाळतो, विनवतो, हिणवतो, स्वतःला फसवतो. 'दुःखी आहे' हे क्रियापद नव्हे. शेवटचा टप्पा आधी पाठ करा, कारण अडखळायला तिथेच होतं. चाल लागलीच असेल तर कुजबुजत म्हणा, किंवा मधल्या टप्प्यापासून सुरू करा.

आवाजाचं काम करणारा

सुरुवात आपल्या बोलण्याच्या पट्टीतच. वरच्या पट्टीत सुरू केलं तर कळसाला जायला जागा उरत नाही. खरं रडू आलं की घसा आवळतो आणि व्यंजनं जातात. रडू दाबायचा प्रयत्न दाखवा. मेडियात तर हे शंभर टक्के.

पुन्हा परीक्षक

किरकोळ, पण गुण इथेच गळतात. नाटक, नाटककार, पात्र आणि प्रसंग एका वाक्यात, स्वतःच्या आवाजात सांगा, मग दोन सेकंद थांबून सुरू करा. हातात फार तर एक वस्तू. लेडी मॅकबेथ वाचते ते नवऱ्याचं पत्र खरं कागदाचं असू दे, मात्र जाड आणि आधीच घडी मोडलेलं, नाहीतर कुरकुर शब्दांवर चढते. मजकूर पाठच हवा, हात थरथरला की अक्षरं वाचता येत नाहीत. ओळ विसरलात तर 'सॉरी' नको, नजर जिथे होती तिथेच ठेवून चालू टप्प्याचं क्रियापद आठवा. बहुतेकदा ओळ मागोमाग येते. नाहीच आली तर पुढच्या टप्प्यावर उडी मारा. शेवटच्या शब्दानंतर दोन सेकंद हलू नका, आणि 'झालं' असं म्हणू नका.