आत्मा एकच असेल तर दया कुणी कुणावर करायची?

गोदाकाठ, गंगाखेड:

नमस्कार मंडळी. माझ्या वडिलांचं वय ७८, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. कळतं सगळं, बोलता येत नाही. जन्मभराचे माळकरी, नाथषष्ठीला पायी पैठणला जाणारे. हरिपाठ लावला की डोळ्यांना धार लागते.

मागच्या आठवड्यात भावकीतले एक जण भेटायला आले. पलंगाजवळ उभं राहून म्हणाले, "अण्णा, कशाला रडायलाव? देह मिथ्या आहे. आत्म्याला दुखत नसतं." माणूस वाईट नाही, ज्ञानेश्वरीची पारायणं केलेला आहे. पण अण्णांच्या माकडहाडावर रुपयाएवढी जखम झाली आहे आणि ती मी रोज धुतो. ते वाक्य ऐकून अण्णांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

अण्णांना सांभाळायला एक मावशी येतात, विहारात जाणाऱ्या. पाहुणे गेल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "दुखायलंय तर दुखायलंय. आधी ते तर माना." त्यांच्या धम्मात आत्मा मानत नाहीत, इतपत मला माहीत आहे.

तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे. सगळ्यांत एकच आत्मा असेल तर दया करणारा कोण आणि घेणारा कोण? आत्मा नसेलच तर दुखतंय कुणाला? आणि जग माया असेल तर संत एकनाथांनी रामेश्वराला निघालेली गंगेची कावड तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात का रिकामी केली? जाणकारांनी समजेल असं सांगावं. दोन्हीकडचं सांगा.

नागसेनवन, छत्रपती संभाजीनगर:

दादा, मी मिलिंद महाविद्यालयाची विद्यार्थिनी. बाबासाहेबांनी दिलेलं मिलिंद हे नाव ज्या ग्रीक राजाचं, त्याला हाच प्रश्न पडला होता. भिक्खू नागसेन त्याला विचारतो, तू रथातून आलास ना, मग रथ दाखव. आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? आपल्याकडची बैलगाडी घ्या. साटा, जू, चाकं एकेक काढत गेलात तर गाडी कुठे उरते? पण म्हणून तुम्ही गाडीतून आलातच नाही, असं कुणी म्हणत नाही. अनात्म याचा अर्थ "कुणीच नाही, सोडून द्या" असा नव्हे. रूप (शरीर), वेदना (सुख-दुःख जाणवणं), संज्ञा (ओळखणं), संस्कार (मनाची घडण), विज्ञान (जाणीव) या पाचांचा चालता प्रवाह आहे, त्यात न बदलणारा धनी नाही. आणि त्या पाचांत वेदना आहे, म्हणजे दुखणं जाणवणंही आलंच, हे विसरू नका. बुद्धांनी ती खोटी ठरवली नाही. दुःख आहे, हेच पहिलं आर्यसत्य.

आता दयेचं. आठव्या शतकात नालंदेचे शांतिदेव झाले. त्यांच्या बोधिचर्यावतारात कुणी म्हणतो, दुसऱ्याचं दुखणं मला लागत नाही, मी का निवारू? त्यावर ते विचारतात, पायाचं दुखणं हाताचं नसतं, मग हात पायाला का जपतो? पुढे म्हणतात, दुःखाला मालक नसतो, ते दुःख आहे एवढ्यासाठीच निवारायचं. मालकच नाही म्हटल्यावर "तुझं तू भोग" म्हणायला जागाच उरत नाही. तुमच्या मावशी मला फार जवळच्या वाटल्या.

नाथसागर, पैठण:

तुमच्या पाहुण्यांनी माया हा शब्द चुकीच्या जागी वापरला. शंकराचार्यांच्या वेदान्तातसुद्धा अंधारात दोरीला साप समजलं, तर दोरी ओळखेपर्यंत सापाची भीती खरी असते, घाम खरा फुटतो. व्यवहारातली भूक व्यवहारातल्या भाकरीनंच भागते. आणि आपले माउली त्याच्याही पुढे गेले. आपेगाव इथून जवळच. त्यांच्या अमृतानुभवाचं सातवं प्रकरण, सगळ्यात मोठं, अज्ञानखंडनाचं आहे. जग म्हणजे अज्ञानाचा पसारा, हेच त्यांना मान्य नाही. हे जग त्या एकाच चैतन्याचा विलास आहे. मग अण्णांची जखम मिथ्या कशी म्हणायची?

नाथांचं म्हणाल तर त्यांनी कावड वाया घालवली नाही. रामेश्वर तिथेच भेटला, अशी त्यांची समजूत होती. "जें जें भेटे भूत, तें तें मानिजे भगवंत" ही ज्ञानेश्वरीच्या दहाव्या अध्यायातली ओवी अण्णांना पाठ असणार. वाचून दाखवा.

मुकुंदराजांच्या गावची, आंबेजोगाई:

दोन्ही उत्तरं आवडली, पण मला एवढ्यावर गप्प बसवत नाही. सगळं एकच आहे, असं म्हणून दोन्ही विचार एका पातेल्यात ढवळू नका. एक म्हणतो, तो मीच आहे म्हणून जपायचं. दुसरा म्हणतो, "मी" ही गाठ सुटली म्हणून जपायचं. वाट वेगळी आहे आणि तिची किंमतही वेगळी पडली. मुकुंदराजांचा वेदान्तावरचा मराठी ग्रंथ विवेकसिंधु शके १११० चा, आमच्या गावचा. म्हणजे सर्वांभूती एक ब्रह्म हे आपण मराठीत आठशे वर्षं सांगतो आहोत, आणि त्याच आठशे वर्षांत माझ्या आजीला गावच्या आडावर घागर बुडवता येत नव्हती. बाबासाहेबांनी हेच लिहिलं, की ब्रह्मतत्त्वावर लोकशाही उभी राहू शकली असती, पण त्यातून तसा समाज घडला नाही. नाथांनी गोदावरीच्या तापल्या वाळूतून महाराचं पोर कडेवर उचललं असं सांगतात, ते मी मनापासून मानते. पण किती जणांनी उचललं? तुमचे पाहुणे पलंगाजवळ उभे होते. हात लावला का त्यांनी अण्णांना?

गोदाकाठ, गंगाखेड:

ताई, नाही लावला.

सगळ्यांचं वाचून काल रात्री अण्णांजवळ बसलो होतो. हाता-पायाचं डोक्यात घोळत होतं. अण्णांचा डावा हात चालतो. त्यांनी त्या हातानं उजवा हात उचलला, छातीवर ठेवला आणि बोटं एकेक करून सरळ केली. त्या उजव्या हाताला काहीच कळत नाही, चिमटा काढला तरी नाही. तरी डावा त्याला थोपटत होता. हे ते रोज करतात म्हणे, मावशींनी सांगितलं. माझं लक्ष कधी गेलं नव्हतं.

ओवी वाचून दाखवली. पहिला चरण मी म्हटला, पुढच्या चरणाला त्यांचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. मावशी तेल कोमट करून आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. पाहुणे रविवारी पुन्हा येणार आहेत. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, दोघं लागतात. या वेळी खांद्याखाली हात घालायला त्यांना सांगणार आहे.