सगळे आयर्न एकाच लांबीचे: ब्रायसनचं हे खूळ नवशिक्याला झेपेल का?

फ्रिस्कोवाला:
नमस्कार मंडळी. डॅलसजवळ फ्रिस्कोत राहतो, २०२२ पासून पीजीए ऑफ अमेरिकाचं मुख्य ऑफिस आमच्याच गावात आहे त्यामुळे ज्याला बघावं तो गोल्फ खेळतो, शेवटी पंचेचाळिशीत मीही सुरू केलं. तीन महिने झाले. सेव्हन आयर्न (आयर्न म्हणजे लोखंडी डोक्याची काठी, आकडा वाढतो तशी आखूड) बरा बसलाय, म्हणजे दहातले सहा बॉल तरी हवेत जातात, पण फाइव्ह आयर्न हातात घेतला की बॉल सरपटत जातो आणि वेज (जवळच्या उंच शॉटची आखूड काठी) घेतला की बॉलच्या चार बोटं आधी जमीन उकरतो. काल तर मातीचं ढेकूळ बॉलपेक्षा लांब गेलं, शेजारचे आजोबा टाळ्या वाजवत होते.
ऑफिसमधला एक जण अमेरिकन प्रो ब्रायसन डीशॅम्बोचा भक्त आहे, तो म्हणतो त्याच्यासारखे सगळे आयर्न एकाच लांबीचे घे, एकच स्टान्स एकच स्विंग, विषय संपला. वापरलेला सेट मिळतोय पण. हे खरंच चालतं का की त्या एकट्यालाच चालतं? आणि चालत असेल तर बाकीचे प्रो का नाही वापरत?

बंकरबुवा:
चालतं, पण फुकट काहीच मिळत नाही.
साध्या सेटमध्ये प्रत्येक आयर्न पुढच्यापेक्षा साधारण अर्धा इंच लांब असतो आणि लॉफ्ट, म्हणजे डोक्याच्या मारायच्या बाजूचा मागे कललेला कोन, तीन-चार अंशांनी कमी. दांडा लांब म्हणून स्पीड जास्त, लॉफ्ट कमी म्हणून बॉल खालून आणि लांब, दोन्ही मिळून दोन क्लबमधला दहा-बारा यार्डांचा फरक तयार होतो. दांडा आखूड होत जातो तसं डोकं जड करत नेतात म्हणजे हातात वजन सारखं लागतं. ब्रायसनने काय केलं, २०११ मध्ये, पोरगा तेव्हा सतरा वर्षांचा, त्याच्या कोचबरोबर बसून सगळे दांडे साडेसदतीस इंचांचे केले, म्हणजे अंदाजे सिक्स-सेव्हन आयर्नएवढे, डोक्यांचं वजनही एकच, लाय अँगल, म्हणजे दांडा जमिनीशी करतो तो कोन, तोही एकच. बदलतो फक्त लॉफ्ट.
आता गोची कुठे आहे बघ. तुझा फाइव्ह आयर्न आखूड झाला की स्पीड कमी होणार आणि त्या लॉफ्टला बॉल उचलायला स्पीड लागतोच. ब्रायसनकडे तो पोत्याने आहे, तुझ्या-माझ्याकडे नाही. मग आपला फाइव्ह आणि सिक्स जवळजवळ एकाच ठिकाणी पडतात. उलट वेज लांब झाला की ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक गवताच्या) काठावरून हळूच चिप करताना तो काखेत घुसल्यासारखा वाटतो. मी २०१८ मध्ये असा सेट घेतला होता, कोब्रा तेव्हा विकत होती दुकानात. वर्षभर खेळलो. एट आणि नाइन मस्त लागायचे, वेज मात्र दोन महिन्यांत जुने परत आणले. बाकीचे प्रो का बदलत नाहीत? लहानपणापासून हाताला ज्याची सवय आहे ते चांगलं चाललेलं असताना कोण कशाला मोडेल.

खडूस_कॅडी:
नाचता येईना अंगण वाकडं. तीन महिन्यांत काठ्या कसल्या बदलतोस, आधी एक कोच बघ.
आणि त्या ब्रायसनचं कौतुक मला सांगू नका. २०१९ मध्ये आठ फुटांच्या पटसाठी (ग्रीनवर बॉल होलकडे ढकलायचा शॉट) दोन मिनिटांहून जास्त वेळ घेतला होता बाबाने, लग्नाचा मुहूर्त बघतात तसं वाकून वाकून. एप्सम सॉल्टच्या पाण्यात बॉल तरंगवून कुठली बाजू जड आहे ते तपासतो. हा खेळ आहे की केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल?

वेजवाली:
@खडूस_कॅडी फिजिक्सचं म्हणा, विषय तोच होता त्याचा :) आणि कॉलेज कुठलं तर फ्रिस्कोवाल्यांच्या शेजारचंच, डॅलसचं एसएमयू. २०१५ मध्ये त्याने एनसीएए (कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा) आणि यूएस अमॅच्युअर (हौशी खेळाडूंची) एकाच वर्षी जिंकलं, हे त्याच्या आधी फक्त निकलस, मिकलसन, टायगर आणि रायन मूरला जमलेलं. आणि हे सगळं त्याच एका लांबीच्या आयर्नवर बरं का, त्यामुळे नुसतं खूळ म्हणून सोडून देता येत नाही.
पण मला त्याच्यात खरी मजा वाटते ती ही की आयर्न सोडून बाकी सगळं तो सतत मोडतो आणि परत जोडतो. सुरुवातीला होलकडे तोंड करून झोपाळा ढकलल्यासारखं पटिंग करून पाहिलं, तो पटर नियमात बसला नाही, मग दांडा डाव्या हाताला टेकवून पट करायला लागला. २०२० मध्ये जिम आणि प्रोटीन शेक मारून वीसेक किलो वजन वाढवलं आणि ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची काठी) इतका जोरात फिरवायला लागला की त्या वर्षीच्या यूएस ओपनला विंग्ड फूटच्या मैदानावर ५६ पैकी फक्त २३ फेअरवे (मधली कापलेल्या गवताची पट्टी) सापडले तरी सहा शॉटनी जिंकला. पारच्या (ठरलेल्या फटक्यांच्या) खाली पूर्ण मैदानात तो एकटा. रफमधून (बाजूच्या वाढलेल्या गवतातून) वेज मारायचा तर मारू, पण जवळून मारू, असा हिशोब.
वेजला नावं पण ठेवली होती त्याने. ६० अंशाचा ‘द किंग’, कारण ‘किंग’ म्हटला जाणारा अर्नोल्ड पामर १९६० चं मास्टर्स जिंकला. ५० चा ‘जिमी’, १९५० च्या जिमी डेमरेटवरून. ४६ चा ‘हर्मन’, १९४६ च्या हर्मन कायझरवरून. मी तेव्हापासून माझ्या ५६ ला ‘मावशी’ म्हणते, अडचणीत तीच धावून येते.

फ्रिस्कोवाला:
मावशी भारी!! पण मग त्याचे आत्ताचे क्लब कुठले? भक्त म्हणतो प्रिंट केलेले आहेत, मला वाटलं थापा मारतोय.

बंकरबुवा:
थापा नाहीत. लिव्ह नावाच्या लीगमध्ये गेल्यावर २०२४ ला त्याने अव्होडा नावाच्या छोट्या कंपनीचे थ्रीडी प्रिंट केलेले आयर्न घेतले, यूएसजीए ह्या नियम ठरवणाऱ्या संस्थेची परवानगी मास्टर्सच्या तोंडावर मिळाली आणि पहिल्याच दिवशी ६५ फटक्यांची फेरी मारून आघाडीवर. शेवटी बरोबरीत सहावा आला. गंमत त्यांच्या चेहऱ्यात, म्हणजे बॉलला लागतो त्या भागात आहे. ड्रायव्हरचा चेहरा थोडा फुगीर असतो ते बघितलं असशील, त्यामुळे टोकाला लागलेला बॉल उजवीकडे निघून परत आत वळतो. आयर्नचा चेहरा सपाटच असतो. ह्याचं म्हणणं, माझ्या स्पीडला सपाट आयर्नच्या टोकाला लागलं की बॉल डावीकडे जास्तच वळतो, म्हणून आयर्नलाही फुगवटा द्या. आपल्या स्पीडला त्याचा उपयोग शून्य, उगाच पैसे नको घालवूस.

वेजवाली:
आणि त्याच वर्षी पाइनहर्स्टचं यूएस ओपन. मी रात्री लेकीला मांडीवर घेऊन बघत होते. रोरी मॅकिलरॉयने सोळाव्या होलवर अडीच फुटांचा पट घालवला, मग अठराव्यावर चार फुटांच्या आतला. ब्रायसन मागून आला तर ड्राइव्ह पार झाडाच्या मुळाशी, तिथून दुसरा शॉट बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात), झेंडा ५५ यार्ड लांब. गोल्फमध्ये ह्या अंतरासारखा वाईट बंकर शॉट नाही, पूर्ण स्विंग केला तर लांब जातो, अर्धा केला तर वाळूतच राहतो. त्याने तो चार फुटांवर आणून ठेवला आणि जिंकला. तोच ग्रीन जिथे १९९९ मध्ये पेन स्टुअर्ट जिंकला होता आणि चारच महिन्यांनी विमान अपघातात गेला. तोही एसएमयूचा. ब्रायसन आधी ती चपटी टोपी घालायचा ना, ती त्याच्यासाठीच.

खडूस_कॅडी:
बंकर शॉट मान्य. रोरीचं अजून दुखतंय.

पाषाणकर:
थोडं विषयांतर. टोकियो ऑलिंपिकला ब्रायसन कोविडमुळे ऐनवेळी गेलाच नाही, आणि त्याच स्पर्धेत अर्जेंटिनाच्या ग्रिलोने माघार घेतली म्हणून आपल्या पुण्याच्या उदयन मानेला जागा मिळाली होती. ते टीव्हीवर बघूनच मी रेंजवर (सरावाच्या मैदानावर) जायला लागलो.
मूळ प्रश्नाला: सेट घेऊच नकोस आत्ता. सेव्हन आयर्न बसलाय ना, मग त्याच लांबीचा फक्त एक नाइन आयर्न कुणाकडून मागून आण आणि दोन बादल्या बॉल मार.

फ्रिस्कोवाला:
पाषाणकर, ऐकलं तुमचं. त्या भक्ताकडूनच एक लांब नाइन आणला, शनिवारी दोन नाही तीन बादल्या मारल्या. नाइन सरळ उंच जातो, अगदी सेव्हनसारखाच लागतो, जमीनही उकरली गेली नाही. मग त्याचाच फाइव्ह मारून बघितला आणि बुवांनी सांगितलं तसंच, माझ्या सेव्हनच्या जेमतेम पाच पावलं पुढे. सेट राहू दे म्हटलं. नाइन मात्र त्याला अजून परत दिलेला नाही, तो आज दोनदा विचारून गेला.