पेडल दाबलं की बेसचा खर्ज गायब

गोदाकाठ_बेस (नांदेड):
नमस्कार मंडळी. भीमगीतांच्या एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो, हे तिसरं वर्ष. बेस यामाहाचा टीआरबीएक्स १७४, चार तारांचा, पॅसिव्ह (आत बॅटरी नाही). आतापर्यंत बेसची केबल थेट साउंडवाल्याच्या डीआय बॉक्समध्ये (वाद्याचा सिग्नल मिक्सरजोगा करणारी डबी) जायची. कधी तक्रार नव्हती. यंदा एप्रिलच्या कार्यक्रमांसाठी हौसेनं तीन पेडलं घेतली: एक ऑक्टेव्ह (खालच्या सप्तकाचा स्वर जोडणारं), एक कोरस (आवाज डोलवणारं) आणि एक हिरवं ओव्हरड्राइव्ह (आवाज फाडून धार देणारं). त्या हिरव्यावर कंपनीचं नाव नाही, पण विकणारा म्हणाला ट्यूब स्क्रीमर नावाच्या प्रसिद्ध ड्राइव्ह पेडलसारखंच आहे. तिन्ही सेकंडहँड.

१४ एप्रिलच्या कार्यक्रमात शेवटच्या कडव्याला लय चढली, ढोलकीनं दुगुन घेतली, आणि मी ऐटीत ड्राइव्ह दाबलं. कीबोर्डवाल्या दादानं मागं वळून पाहिलं आणि हातानंच विचारलं, बेस कुठंय? दुसऱ्या दिवशी मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकलं तर डब्यात भुंगा कोंडल्यासारखा आवाज. खाली काहीच नाही.

दुसरं म्हणजे तिन्ही पेडलं बंद असली तरी आवाज मळकट येतो, तारांवर गोणपाट टाकल्यासारखा. आणि वरून घुंऽऽ अशी गुणगुण आहेच. मला बेसचा साफ आवाज सोडायचा नाही, त्याच्यावर थोडी धार पाहिजे एवढंच. पेडलं विकून टाकू का?

तालमीचा_नाद (बीड):
विकू नको रे. ड्राइव्हच्या पुढं एक ईक्यू (खालचे-वरचे स्वर कमीजास्त करणारं पेडल) लाव आणि खालचे दोन दांडे पार वर ने. नाहीतर ॲम्पचा बेस नॉब पूर्ण फिरव. माझं तरी त्यावर भागतं.

औसारोड (लातूर):
बीडच्या दादांचा मान राखून सांगतो, बोअर आटल्यावर मोठी मोटर टाकून पाणी येत नाही. थोडं येतं, पण गाळच जास्त.

मी तेवीस वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवला, आता पाठ धरते म्हणून घरी ॲम्प-मिक्सर दुरुस्त करतो. विद्यापीठाचं नामांतर झालं, १९९४ साली, त्या वर्षी तर कार्यक्रमांना रात्री पुरत नव्हत्या. तेव्हा पेडल कुणी बघितलं होतं? बेस, केबल, ॲम्प, संपलं. आवाज साफ राहायचा कारण मधे कुणी हात घालत नव्हतं. आता तू मधे तीन जण बसवलेत, तर कोण काय करतो ते बघावं लागेल.

आधी हिरवं. ट्यूब स्क्रीमरची घडण गिटारसाठी आहे. त्यात साधारण ७२० हर्ट्झच्या खाली जसजसं जावं तसतशी सिग्नलला ताकद कमी मिळते, मधल्या पट्टीला भरपूर. हे मुद्दाम केलेलं आहे. खर्जाच्या लाटा मोठ्या असतात, त्याही तशाच ताणून चिरडल्या तर वरचे स्वर त्यांच्यात अडकून सगळा चिखल होतो. गिटारची सगळ्यात खालची तार ८२ हर्ट्झची, तिच्या सोबतीला खर्ज सांभाळायला दुसरं कुणीतरी असतं, म्हणून गिटारवाल्याला ते सोसतं. तुझी मोकळी ई तार ४१ हर्ट्झची, म्हणजे त्या ७२० पासून चार सप्तकं खाली. सांभाळणारा तूच, आणि तूच गेलास.

म्हणून खर्जाला ड्राइव्हमधून न्यायचंच नाही. एकाच बेसचे दोन रस्ते करायचे. एक साफ, एक धारेचा, आणि शेवटी दोन्ही मिसळायचे. बेससाठी बनवलेल्या पेडलांत ही सोय आतच असते. बॉसच्या ओडीबी-३ वर बॅलन्स नावाचा नॉब आहे, डार्कग्लासच्या बी७के वर ब्लेंड आहे, ते हेच काम करतात. तुझ्याकडचं पेडल कुठलंही असो, बॉसचा एलएस-२ घेतला तर त्याच्यातून दोन रस्ते काढून मिसळता येतात. पण मी म्हणतो आधी पैसे घालू नको. तुमच्या साउंडवाल्याचा डीआय बॉक्स उलटून बघ. इनपुटच्या शेजारी थ्रू किंवा लिंक लिहिलेला एक जॅक असतो. बेस डीआयमध्ये, डीआयमधून मिक्सरचा एक चॅनेल, हा साफ. थ्रूमधून केबल पेडलांत, तिथून दुसरा डीआय, आणि दुसरा चॅनेल. दुसऱ्या चॅनेलचं लो-कट (खर्ज कापणारं) बटण दाब, लो नॉब डावीकडं. आता तिथं खर्ज नको आहे, फक्त धार पाहिजे. पहिला फेडर (चॅनेलचा आवाज कमीजास्त करणारी सरकपट्टी) नेहमीच्या जागी ठेव, दुसरा शून्यावरून हळूहळू वर घे. धार कानाला लागली की थांब. एकट्या दुसऱ्या चॅनेलचा आवाज ऐकून लाज वाटेल, वाटू दे. तो एकटा ऐकायचाच नसतो.

आता मळकटपणा. तुझा बेस पॅसिव्ह, म्हणजे पिकअपमध्ये जोर कमी. पुढं केबल लांब झाली की तिची कपॅसिटन्स (तारेत वीज साठून राहण्याचा गुण) वरचे स्वर खाते. बहुतेक गिटार केबलींची दर मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास असते. बेसपासून पेडलांपर्यंत आणि पेडलांपासून डीआयपर्यंत मिळून किती मीटर झाली मोज. पेडलं ट्रू बायपास (बंद असताना सिग्नल सरळ आरपार सोडणारी) असतील तर बंद असताना ही सगळी लांबी एकाच केबलसारखी त्या बिचाऱ्या पिकअपच्या गळ्यात. त्यात डीआय बिनबॅटरीचा, ट्रान्सफॉर्मरवाला असेल तर त्याचाही भार. तो आधीही होता, तुझ्या कानाला सवय झाली होती. उपाय म्हणजे सगळ्यात पुढं एक बफर, म्हणजे पिकअपवरचा भार स्वतः उचलून सिग्नल जोरकस पुढं पाठवणारं सर्किट. बॉसची छोटी पेडलं बंद असली तरी सिग्नल बफरमधून पाठवतात, त्यांचा ट्यूनर कुणाकडून मागून आण आणि बेसनंतर पहिला तोच लाव. पुढची केबल मग कितीही ओढ.

गुणगुणीचं मंडपवाले सांगतील, त्यांचा प्रांत आहे.

मंडप_साउंड (परभणी):
हाव, गुणगुण आमच्या वाट्याला. पहिली गोष्ट, तिन्ही पेडलं एकाच ॲडाप्टरच्या माळेवर आहेत का? एकेका पेडलला ९ व्होल्टची बॅटरी घालून बघ. गुणगुण गेली तर दोष ॲडाप्टरचा. (बॅटरी असली की कार्यक्रम झाल्यावर इनपुटची पिन काढून ठेवायची, नाहीतर सकाळपर्यंत बॅटरी बसते. बहुतेक पेडलं पिन घातली की चालूच असतात.) स्वस्त इन्व्हर्टरवर तर बोलूच नका, त्याची लाट चौकोनी असते, प्रत्येक पेडल तिच्यासोबत गातं.

बॅटरीवरही गुणगुण राहिली तर अर्थिंग. आपल्याकडं मे महिन्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मीठ-कोळशाचा खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावालाच उरते. आम्ही दुपारीच खड्ड्यात दोन-तीन बादल्या पाणी ओततो, मग मीटर लावून बघतो. लोक हसतात, इथं प्यायला नाही अन् हे खड्ड्याला पाणी पाजायलेत. हसू द्या.

आणि एक हात जोडून सांगतो. गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढू नका. गुणगुण जाईल, पण मग गाणाऱ्याचा ओठ माइकला लागला की झटका. मी डोळ्यानं बघितलंय. डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबा. ते फक्त ऑडिओ केबलचं ग्राउंड तोडतं, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही.

गोदाकाठ_बेस:
औसारोड मामा, काल तालमीत सगळं जोडून बघितलं. केबली मोजल्या, एकूण चौदा मीटर भरल्या! ट्यूनर पुढं लावला आणि गोणपाट लगेच निघालं. बोट तारेवर सरकल्याचा आवाजसुद्धा ऐकू यायला लागला, आता मलाच नीट वाजवावं लागणार. गुणगुण ॲडाप्टरचीच निघाली.

पण दोन अडचणी. दुसरा फेडर वर नेला की आवाज भरायच्या ऐवजी पातळ होतो. दोन बेस मिळून अर्धा बेस. आणि ऑक्टेव्ह दाबलं तरी काहीच ऐकू येईना. तिन्ही पेडलं थ्रूच्या रस्त्यावर ठेवलीत.

औसारोड:
पहिली अडचण येणार हे मला आधीच सांगायला पाहिजे होतं, चूक माझी. काही पेडलं सिग्नल उलटा करून बाहेर काढतात. साफ रस्त्यावर लाट वर जाते त्याच क्षणी दुसऱ्यावर खाली, दोघं एकमेकांना खातात. मिक्सरवर Ø खुणेचं बटण असेल तर दुसऱ्या चॅनेलला दाब. नसेल तर एक माइक केबल घे, तिच्या एकाच टोकाच्या तीन पिनांपैकी २ नंबर आणि ३ नंबरच्या तारांची अदलाबदल करून डाग दे, १ नंबरला हात लावू नको. दुसऱ्या डीआयला ही केबल. दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळ, नाहीतर कुणीतरी ती निवेदकाच्या माइकला लावेल आणि नेमकी गरज पडेल तेव्हा सापडणार नाही. मग मोकळी ए तार धरून आधीची आणि ही केबल आळीपाळीनं लावून ऐक. जिच्यावर पोट भरल्यासारखं वाटतं ती ठेव. शंभर टक्के जुळणार नाही, लो-कटसुद्धा लाटेला थोडं सरकवतो.

ऑक्टेव्हचं तर तूच केलंस. ते खालचा स्वर तयार करतं, आणि तू त्याला लो-कटच्या तोंडी दिलंस. त्याला उचलून ट्यूनरनंतर, पहिल्या डीआयच्या आधी ठेव, म्हणजे ते साफ रस्त्यावर येईल. ड्राइव्हनंतर असंही ठेवायचं नसतं, चिरडलेल्या सिग्नलमधून त्याला सूर नीट ओळखता येत नाही. कोरस आहे तिथंच राहू दे. कोरस खर्जाला डोलवतो आणि ढोलकीच्या धुमेशी भांडतो, तुझ्या दुसऱ्या चॅनेलला खर्जच नाही त्यामुळं भांडण होणार नाही.

गोदाकाठ_बेस:
लाल टेपवाली केबल जमली! तुमच्या लातूरच्या गोलाईत नाही, पण इथं नांदेडात वजिराबादच्या बाजारात पिना मिळाल्या. ऑक्टेव्ह पण वाजलं. फक्त मोकळ्या ई वर ते अडखळतं, गुळण्या केल्यासारखं.

औसारोड:
अडखळणारच. ई च्या खालचं सप्तक म्हणजे २०.६ हर्ट्झ. बरीच पेडलं मोकळ्या ए च्या खाली सूर धरत नाहीत, आणि धरला तरी मंडपातले स्पीकर तो वाजवणार नाहीत, नुसते आतले शंकू (कोन) हलवतील. ऑक्टेव्ह डी आणि जी तारेवर, पाचव्या पडद्याच्या (फ्रेटच्या) वर वापर. आणि ई तार तशीच मोकळी वाजव, पेडल न दाबता.