बोट, चेहरा, पिन, ओटीपी: एवढी कुलपं काऊन पाहिजेत?

इतवारीचा दुकानदार:
मे महिना, दुपारचे २, पारा ४५ च्या घरात. बोट घामानं चिंब, फोन ओळखायलाच तयार नाही. चेहरा दाखवावा तर तोंडाला दुपट्टा. मग फोनचा पिन, मग पेमेंट ॲपचं वेगळं कुलूप, मग यूपीआय पिन. होलसेलवाला समोर उभा राहून हसून राहिला. त्याच दिवशी सगळे ॲपलॉक काढून टाकले. फोनला एक कुलूप आहे, पैशाला पिन आहे, बाकी नुसती कटकट. काही चुकलं का?

धरमपेठी:
चुकलं, दादा. बर्डीच्या गर्दीत हातातून फोन हिसकला तर तो उघडाच असतो. पिन माहीत नसला तरी तुमचा मेल चोराच्या हातात. बाकीच्या खात्यांचे पासवर्ड मेलवरूनच बदलतात अन् ओटीपीही त्याच फोनवर येतो. मेलला तरी कुलूप ठेवा.

दहाच_बोटं:
माझा तर बोटालाच विरोध. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा कुठून आणायचा नवा? रजिस्ट्रीच्या कागदांवरचे ठसे उचलून नकली बोटं बनवली अन् आधारवरून लोकांचे पैसे काढले, अशी प्रकरणं देशात झालीत. ना ओटीपी, ना पिन.

धरमपेठी:
खिचडी नका करू. ते एईपीएसचं, म्हणजे आधार नंबर अन् बोटाच्या ठशावर बँकेतले पैसे काढायच्या सोयीचं. तिथे ठसा आधारच्या नोंदीशी जुळवतात. फोनमधला ठसा फोनमध्येच राहतो, बँकेकडे जात नाही. आधारची भीती असेल तर आधारच्या ॲपमध्ये बायोमेट्रिक (बोट-चेहऱ्याची ओळख) लॉक करा, फुकट आहे.

कळमनावाला:
लॉक करा म्हणणं सोपं आहे हो. आईनं संत्री निवडण्यात जन्म काढला, बोटावर रेषाच उरल्या नाहीत. राशन दुकानातलं मशीन तसंही तीन-तीनदा नाही म्हणते. त्यात मागच्या महिन्यात मी तिचं आधार लॉक केलं अन् सांगायचं विसरलो. मी ड्युटीवर, ती रांगेत. रिकामी थैली घेऊन घरी आली अन् दोन दिवस बोलली नाही. लॉक थोड्या वेळापुरतं उघडता येते, पण त्यासाठी फोन चालवणारं कोणी जवळ पाहिजे ना.

दहाच_बोटं:
अन् ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयलाही पिनऐवजी बोट-चेहरा चालतो, सुरुवातीला ५,००० रुपयांपर्यंत. झोपलेल्या माणसाचं बोट फोनला लावायला किती वेळ लागते? आमच्या भाच्यानं आजोबांवर प्रयोग केलाय, गेमसाठी!

धरमपेठी:
ते आपण चालू केलं तरच चालते. अन् पिन तर टपरीवर बाजूला उभा राहणाराही पाहून घेते.

इतवारीचा दुकानदार:
बरं, मेलला कुलूप लावलं आत्ता. यूपीआयला मात्र पिनच. कळमनावाले भाऊ, राशनच्या दिवशी लॉक उघडायचं लक्षात कसं ठेवता?

कळमनावाला:
नाही ठेवत. आईचं उघडंच आहे आता. तिच्या खात्यात हजार-दोन हजारांवर राहू देत नाही, बाकीचे माझ्या खात्यात वळवतो.