मामलूक दिव्यांवर उजळते काय : आयत की सुलतानाचे नाव?

लामणदिवा : इजिप्तवर मामलूकांची राजवट असताना कैरोमधील सुलतान हसनच्या मशिदीचे बांधकाम १३५६ साली सुरू झाले. तिच्यासाठी घडवलेल्या मीनाकारीच्या काचदिव्यांना सरसकट भक्तीची कला म्हणतात, त्याला माझा आक्षेप आहे. त्या काळच्या अनेक दिव्यांच्या पसरट गळ्यावर कुराणातील प्रकाशाची आयत (२४:३५) निळ्या मीनाकामात लिहिलेली असते. ईश्वराचा प्रकाश म्हणजे कोनाड्यातला दिवा, दिवा काचेत आणि काच जणू तेजस्वी तारा, असा तिचा आशय आहे. पोटावर मात्र उलट रीत दिसते : पार्श्वभूमी निळी आणि सुलतानाच्या नावाची अक्षरे मोकळी सोडलेली. दिवा लावला की आयत काळवंडते आणि धन्याचे नाव झळकते. आपल्या देवळांतील देणगीदारांच्या पाट्यांहून हे देखणे आहे, इतकेच.

शाईपेन : निरीक्षण बरोबर आहे, पण निष्कर्ष घाईचा वाटतो. गळ्याची सारी काच उजळली की तिच्यावरची गडद अक्षरे अधिकच ठसठशीत दिसतात, आणि आयत ज्या प्रकाशाविषयी बोलते तो तर तिच्याभोवतीच असतो. शिवाय मोकळ्या अक्षरांवर पुष्कळदा सोन्याचा मुलामा असे. तो पातळ असल्याने झिजला. आज जे झळकताना दिसते, त्यातले काही श्रेय झिजेलाही द्यावे लागेल.

भट्टीवाला : रंगीत काचेची पूड तेलात कालवून कुंचल्याने लावायची आणि भांडे पुन्हा तापवायचे, असे हे काम आहे. रंग वितळावा पण भांडे बसू नये, एवढ्या अरुंद फटीत कारागिराला ताप सांभाळावा लागे. दोन पट्ट्यांची उलटसुलट रंगयोजना उठून दिसते, म्हणूनही त्याने ती निवडली असेल. प्रत्येक निवडीमागे सुलतानाचा अहंकार शोधू नये.

लामणदिवा : मुलाम्याचा मुद्दा मान्य आहे. पण अमीर (सरदार) कौसूनचा दिवा पाहावा, जो आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. कौसून दरबारात साकी, म्हणजे पेय पेश करणारा, होता, म्हणून त्याच्या दिव्यावर पेल्याचे चिन्ह आहे. मशिदीत टांगायच्या दिव्यावर पेला कशासाठी?

शाईपेन : कारण ते पेयाचे नव्हे, हुद्द्याचे चिन्ह आहे. आपल्या वक्फाच्या वस्तूवर आपली खूण ठेवण्याची मामलूक अमिरांची रीतच होती. शिवाय दिवा कोणी दिला हे कळले, तर त्याच्यासाठी दुवा मागणाऱ्यालाही नाव ठाऊक होते. ही जाहिरात वाटत असेल, तर तिचा निम्मा रोख परलोकाकडे होता.